उजवं कुणाचं?

गुंडा हवालदार पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, हे पहारेकरी असणार. पिळदार मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, खुर्चीतही पाठ ताठ. तर ते थेट माझ्या शेजारच्या टेबलाशी बसले आणि खिशातून टोक केलेल्या तीन पेन्सिली काढून त्यांनी ओळीत लावल्या. गाव उंब्रज. पायदळात बावीस वर्षं, त्यातली चौदा नव्या रंगरुटांना कवायत शिकवण्यात गेलेली. मालकांनी त्यांना घेतलं ते त्यांच्या अक्षरासाठी. त्यांचं शून्य कंपासने काढल्यासारखं यायचं.

हे १९९५ साल. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, नटबोल्टच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही नेमकं करतो काय, हे मला घरी कधी धड सांगता आलं नाही. आई विचारायची, "विनू, काम कसलं गं तुझं?" मी म्हणायचे, "विमानांचं." ती माझ्याकडे बघत राहायची.

धुक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. म्हणून काही परदेशी विमानतळांवर सूक्ष्मलहरी सोडणारा अँटेना बसवतात आणि विमान त्या लहरींच्या भरवशावर खाली येतं. हा अँटेना धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून किती बाजूला, किती लांब, किती उंच, ही माहिती वैमानिकांच्या अधिकृत पुस्तकात छापतात. पुण्याची एक कंपनी आम्हाला नकाशे पाठवायची आणि आम्ही त्यातला एकेक आकडा शून्य आणि एक वापरून तक्त्याच्या चौकटींत भरायचो. अँटेना रेषेच्या उजवीकडे असेल तर पहिल्या चौकटीत शून्य, डावीकडे असेल तर एक. विमान मी तोवर फक्त मान वर करून पाहिलं होतं.

प्रत्येक तक्ता दोघांनी एकमेकांचं न बघता भरायचा. मग ऑफिसातली तिसरी मुलगी, श्रद्धा, ते शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायची. जुळले की पाकिटात, नाही जुळले की दोघांनी बसून तड लावायची.

एका शुक्रवारी सहा तक्ते आले आणि माझे नि हवालदारांचे सहाच्या सहा जुळले नाहीत. फरक फक्त त्या पहिल्या चौकटीत. माझं शून्य तिथे त्यांचा एक, माझा एक तिथे त्यांचं शून्य.

"पोरी, तुजं उलटं झालंय," ते शांतपणे म्हणाले.

मी नियम वाचून दाखवला. विमान उतरायला येतं त्या टोकाला उभं राहून धावपट्टीकडे तोंड करायचं आणि मग उजवं-डावं ठरवायचं. "व्हय की," म्हणून ते उठले आणि टेबलांच्या मधल्या वाटेत उभे राहिले. "ही धावपट्टी. मी हितं. आता बग." ते वळले, मी वळले, श्रद्धाही वळली. नकाशा फिरवला, परत फिरवला. शेवटी माझी अशी गत झाली की जेवताना घास कुठल्या हाताने घेते तेच आठवेना. हवालदार मात्र खांबासारखे ठाम. "चौदा वर्सं डावं-उजवंच शिकवलंय गं मी," ते म्हणाले. मी खोडरबर घेतला आणि माझ्या सहाही चौकटी बदलल्या. चारच्या एसटीने पाकीट पुण्याला गेलं.

रविवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. "कमानीतनं आत आलीस की डावीकडं तिसरं घर," असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. डावीकडे तिसरी निघाली पिठाची गिरणी. गिरणीवाला हसला आणि त्याने समोरच्या बाजूला बोट दाखवलं.

दारात त्यांच्या बायकोला, शालूबाईंना हे सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "आवं, ह्यांनी डावं म्हटलं की उजवीकडं जायाचं! समदं गाव जातंय. पल्टनीपुढं तोंड करून उबं राहायचं, आन् त्यांचं उजवं ते आपलं डावं. ती सवय काय सुटंना. आता म्होरं कुणी नसलं तरी उलटंच सांगत्यात."

मला शुक्रवारचे सहा तक्ते आठवले. आत पाळणा म्हणणं चाललं होतं आणि मला त्यातला एक शब्द ऐकू येईना. हवालदार मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते अंगणात गेले. तुळशीपासून फाटकापर्यंत धावपट्टी धरली, तुळशीच्या एका बाजूला बादली ठेवली, तो अँटेना. मग फाटकाशी जाऊन तुळशीकडे तोंड करून उभे राहिले. "डावं," म्हणाले. लगेच, "न्हाई, उजवं." पुन्हा, "थांब, डावंच." कपाळावर घाम आला होता. मला खरंच त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री वाटत नव्हती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि सलाम ठोकला. डोळे उघडून, कपाळाला लागलेल्या उजव्या हाताकडे आणि मग बादलीकडे पाहिलं. दोन्ही एकाच बाजूला होते.

"सहाच्या सहा," ते म्हणाले आणि फाटकाजवळच्या दगडावर बसले. बारशाचं जेवण त्यांनी केलं नाही.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी ते एसटीडी बूथवर माझी वाट बघत होते. मालकांना विचारूया, असं मी म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. पुण्याच्या कंपनीला लावलेल्या फोनवर त्यांनी आधी नाव सांगितलं, मग हुद्दा सांगितला, मग म्हणाले, "डाव्या-उजव्यात माजी चूक झाली." चौदा वर्षं ज्या माणसाच्या हुकमावर शेकडो पोरं वळली, त्याला हे वाक्य बोलताना मी बघत होते.

पलीकडच्या बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. तक्ते उद्या छपाईकडे जायचे होते. त्या आत्ताच थांबवणार होत्या आणि दुरुस्त तक्ते आजच्या गाडीने मागत होत्या. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. दोन्ही तक्ते तंतोतंत जुळत होते. आम्ही परत उघडूनसुद्धा बघितले नसते."

हवालदारांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. बाहेर आलो. मला वाटलं, आता हुश्श करतील. ते थांबले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, माजं चुकलं ते सवयीनं. पर तुजं तर बरोबर हुतं. मग तू पुसलंस कशाला?"