कळण्याच्या पिठातलं मीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी माझ्या बायकोवर जळत होतो, आणि तेही माझ्या आईवरून. त्या जळण्यापायी मी तिच्या पिठातलं मीठ बदललं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी जळगावला एका कचेरीत कारकून होतो. बायको एकाएकी वाळायला लागली. भूक चांगली, पण अंगी काही लागेना. चहाची कपबशी हातात घेतली की खडखड वाजायची. नुसतं बसल्या जागी छाती धडधडायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि समजावून सांगितलं, की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करतेय, आणि शरीर स्वतःच तिला डिवचतंय. गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाले, "आयोडीन जरा सांभाळा. खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय नको. आणि यांच्या जेवणात सध्या पाकिटाचं मीठ नको, साधं खडामीठ घाला."

मी म्हटलं, "पण भिंतीभिंतीवर तर लिहिलंय, आयोडीनचंच मीठ खा म्हणून."

"बरोबरच लिहिलंय. तुम्ही तेच खा. सातपुड्याच्या पायथ्याला आयोडीन मिळत नाही म्हणून माणसांचे गळे सुजतात. यांचं दुखणं वेगळं आहे."

एका घरात दोन मिठं. ती सांभाळायला नरडाण्याजवळच्या आमच्या गावाहून आई आली.

त्याआधी या दोघींचं यथातथाच होतं. आईला हिची पोळी जाड वाटायची आणि हिला आईचं बोलणं. पण हिचे थरथरणारे हात पाहिले आणि आई बदललीच. सकाळी हिच्या डोक्याला तेल घालून वेणी घालून द्यायची. हिची भाजी वेगळ्या पातेलीत. खडामिठाची बरणी वरच्या फळीवर, तोंडाला फडकं बांधून. ते मीठ गावच्या दुकानदाराकडून यायचं. तो ते गुरांसाठी म्हणून ठेवायचा. मी एकदा म्हणालो, "सुनेला गुरांचं मीठ घालते का माय?"

आई म्हणाली, "तुले घालाले पाहिजे ते. काम तरी करशी."

दोघी हसल्या. हसता हसता बायकोने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी पेपर उघडून बसलो.

खरं दुखणं कळण्याचं होतं. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्यात दळतानाच मीठ घालतात, म्हणून भाकरी थापताना वेगळं मीठ लागत नाही. लहानपणापासून तव्यावरची पहिली कळण्याची भाकरी माझी. वर तेल, बाजूला ठेचा. आई आली तेव्हा मला वाटलं होतं, आता रोज मिळेल. मिळाली, पण नंतर. हिचं पीठ वेगळ्या डब्यात, खडामीठ घालून दळलेलं, आणि आधी हिच्या भाकरी. तवा चांगला तापला असेल तेव्हा हिच्या, उतरता असेल तेव्हा माझ्या.

एकदा कचेरीतून भुकेला आलो. टोपल्यात भाकरी होती, तोडली. आई आतून ओरडली, "तिनी शे ती! ठेव ती भाऊ! तुन्ही करी देस ना आत्ते."

ती भाकरी हिची, माझी मागून. मी बत्तीस वर्षांचा होतो, आणि माझे डोळे भरून आले. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या रविवारी हिचं दळण घेऊन मीच गिरणीवर गेलो. आईने ज्वारी-उडदावर खडामिठाची पुरचुंडी बांधून ठेवली होती. गिरणीच्या शेजारी किराण्याचं दुकान होतं. मी पाकीट घेतलं, पुरचुंडीतलं मीठ गटारीत ओतलं आणि पाकिटातलं दाण्यांवर टाकलं. पीठ झाल्यावर कुणाला काय कळणार! मला तिला काही व्हायला नको होतं. मला फक्त एवढंच हवं होतं, की तिचं पीठ आणि माझं पीठ एक व्हावं. असं मी स्वतःला सांगत होतो. एकदाच केलं असतं तर रागाच्या भरात झालं म्हणालो असतो. मी ते हिवाळाभर केलं, दर दळणाला.

फेब्रुवारीत आम्ही तिघं धुळ्याला गेलो. उतरायला लागलेलं दुखणं पुन्हा चढलं होतं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. आईने एकेक पदार्थ सांगितला, बोटांवर मोजत, परीक्षा दिल्यासारखा. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. "नुसत्या मिठाने एवढं होईलच असं नाही," ते म्हणाले, "पण बरण्यांची अदलाबदल तर होत नाही ना?"

आईने मोजणारी बोटं मिटून घेतली. मी समोरच्या वजनकाट्याकडे बघत होतो.

परतीच्या एस.टी.त आम्ही पारोळ्याच्या पुढे आलो. मग आई म्हणाली, "मले आते बरोबर दिसत नही भाऊ. मना हातच चुकना व्हई."

मी म्हटलं, "होतं असं, माय."

तिचा हात मांडीवर होता. बायकोने तो आपल्या हातात घेतला. मी खिडकीजवळ सरकलो.

त्यानंतर आईने हिच्या पातेलीला हात लावला नाही. पंधरा दिवसांत गावी निघून गेली. म्हणजे ती मलाही उरली नाही. दळणाला मग बायकोच जायला लागली. तिला बरं व्हायला दोन वर्षं लागली. माझ्या मिठाने त्यात किती महिने घातले, मला माहीत नाही, आणि डॉक्टरांना विचारायची हिंमत मी केली नाही.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कळणा केला की बायको अजून म्हणते, "आईंना तेव्हा दिसत नव्हतं हो. चुकलं असेल, पण माया किती केली." ती माझ्या आईला माफ करते, दर वेळी, आणि पहिली भाकरी माझ्या ताटात वाढते.

आईचा हात चुकला नव्हता. हे बायकोला मी माझ्या तोंडाने सांगायचं अजून राहिलं आहे.