कॉर्नेट गप्प झालं तेव्हा

आमचे हे सावद्याच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतात. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच भाऊ, पण आखूड, नळी जास्त गुंडाळलेली आणि आवाज मऊ. आता सगळ्या बँडांत ट्रम्पेटच दिसतात, कारण त्यांचा आवाज डीजेपुढेही ऐकू येतो. कॉर्नेटवाले आमच्या भागात बहुतेक हे एकटेच उरले. तरी नवरी निघायची वेळ झाली की बँडमास्तर ट्रम्पेटवाल्यांना गप्प करतो आणि ह्यांना पुढे बोलावतो.

वाजवणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. रावेर, यावलपासून धुळ्यापर्यंतची माणसं त्यात आहेत. मी चौथी शिकले, पण तिथलं वाचायला तेवढं पुरतं. हे सकाळी वाजवून व्हिडिओ टाकायचे आणि धुळ्याचा एक ट्रम्पेटवाला टपलेलाच असायचा.

"आबा, तुमचं ट्रम्पेट धुण्यात आटलं का?"

हे लिहायचे, "तुझं ऐकून घोडी बिथरते. माझं ऐकून नवरीचा बाप रडतो."

दिवसभर असं चालायचं. मला तो रिकामटेकडेपणा वाटायचा.

पावसाळ्यात ह्यांना न्यूमोनिया झाला. जळगावच्या दवाखान्यात दहा दिवस काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने फुंकायचं नाही. मधे दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला कॉर्नेट पूजेत असतं. दरवर्षी हे ते उघडून देतात, मी देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासते आणि हेच परत जोडतात. यंदा हे अंथरुणात होते, म्हणून सगळं मीच केलं. चांगलं झळकवलं.

दोन महिने झाल्यावर हे ओसरीवर बसले आणि कॉर्नेट तोंडाला लावलं. गाल फुगले, मान लाल झाली, पण आवाज नाही. फुंकर मधेच कुठेतरी अडल्यासारखी झाली. पुन्हा फुंकलं, तेच. त्यांनी ते खाली ठेवलं.

"संपलं. छातीत हवाच राहिली नाही."

"मग माझ्यावर ओरडता ते कशाने?"

"ओरडायला छाती लागत नाही," म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

आत जाताना ग्रुपवर लिहून गेले, "मी थांबलो. कोणाला कॉर्नेट पाहिजे असेल तर घेऊन जा." धुळ्यावाल्याने त्यावर चेष्टा केली नाही. नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते बघून मला भीती वाटली. कॉर्नेट गेलं तर गेलं, पितळेचं आहे. पण काम सुटलेला म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला की वर्ष काढत नाही. माझा सासरा असाच गेला.

तीन दिवस हे तसेच पडून होते. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला, तेव्हा मी त्यांचा मोबाइल घेतला आणि बटण दाबून बोलले, "मी आबांची बायको. हात काय जोडता? माणूस जिवंत आहे. जिना चढतो, भाकरी खातो, फक्त वाजत नाही. कोणाला काही समजत असेल तर सांगा."

धुळ्यावाल्याचं लगेच बोलणं आलं. "अक्का, दसऱ्याला कॉर्नेट कोणी धुतलं?"

"मी."

"पिस्टन तुम्हीच बसवले?"

"मग काय शेजारणीने?"

तो हसायला लागला. मग म्हणाला, "बठ्ठा पिस्टन काढीसन देखा, अक्का. त्यासवर आकडा शेतस."

पिस्टन म्हणजे बोटांनी दाबायचे ते तीन खुंट. मला तिन्ही सारखेच दिसले होते, म्हणून हाताला येईल तसे बसवले होते. आता तिन्ही काढून, चष्मा लावून पाहिलं. प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला. एकच्या जागी तीन होता, तीनच्या जागी एक. त्यामुळे वाटच बंद झाली होती, हवा जाणार कुठून? मी आकड्यांप्रमाणे बसवले आणि ह्यांना हलवून उठवलं.

"फुंका."

"कशाला छळतेस?"

"फुंका म्हणते ना!"

फुंकलं. पहिल्याच फुंकरीला असा आवाज निघाला की समोर केळीची गाडी भरणारे मजूर थांबून बघायला लागले. हे खोकले, पाणी प्याले आणि पुन्हा वाजवलं.

मी आकड्यांचं सांगितलं. चूक माझी, तेही सांगितलं.

"चार दिवस मी मरणाची तयारी करत होतो, बाई!"

"मीही तीच करत होते," मी म्हटलं.

त्यांनी मला दोन शिव्या घातल्या. खणखणीत घातल्या, मला बरं वाटलं. दम पूर्वीसारखा नाही, एका गाण्यात दोनदा थांबावं लागतं. थांबू देत. ते ओसरीवर वाजवत बसले. मी आत जाऊन आडवी झाले आणि दिवेलागणीपर्यंत झोपले.