लो मायतेनचा भोंगा

सकाळी सातनंतर लो मायतेनमध्ये माणूस हवं असेल तर दिवा घेऊन हिंडावं लागतं. सगळं गाव राजधानीला, सांतियागोला पळतं. कुणी बँकेत, कुणी दुकानात, कुणी परक्याची पोरं सांभाळायला. परत येतात ते निव्वळ पाठ टेकायला. कागदोपत्री हे शहर आहे. एदुविना कातालानच्या लेखी ही धर्मशाळा.

एदुविना एकसष्टची. घरी बसून लोकांच्या विजारी आखूड करते, चेन बदलते, आणि चौतीस वर्षं आगीच्या बंबावर जाते. बंबावर जाणाऱ्याला पगार नसतो, उलट महिन्याची वर्गणी ज्यानंत्यानं भरायची. तिचा बाप ओनोफ्रेही बंबावरचा, लाकडाच्या वखारीची आग विझवताना गेला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याची तसबीर बंबघराच्या भिंतीवर आहे. ती स्वतः आली तेव्हा गड्यांनी तिला दोन वर्षं चहाला लावलं. तिसऱ्या वर्षी ती बंबावर चढून बसली आणि उतरली नाही.

बंबघराच्या मनोऱ्यावर भोंगा आहे. आग लागली की तो वाजायचा, आणि एरवी रोज दुपारी बाराला एकदा, चालतोय का बघायला. त्या आवाजावर बायका बटाटे चुलीवर चढवायच्या. मग द्राक्षाचे मळे उपटून तिथं नव्या घरांची वसाहत झाली. वसाहतवाल्यांनी दोनशे सह्यांचा अर्ज दिला, भोंग्यानं आमची झोपमोड होते. बंबाचा कॅप्टन रेनातो त्याच वसाहतीत राहणारा आणि सांतियागोच्या बँकेत बसणारा. त्यानं भोंगा बंद केला. आता आग लागली की अडतीस जणांच्या फोनवर निरोप जातो.

परवाच्या मंगळवारी, पावणेअकराला, एदुविना शिलाई घालत बसली होती. फोन आत चार्जिंगला. मान वर केली तर दोन गल्ल्यांपलीकडं काळाकुट्ट धूर. विजार टाकून ती सपातांवरच पळत सुटली.

बंबघरात पगारी माणूस एकच, ड्रायव्हर निबाल्दो. तो इंजिन चालू करून स्टिअरिंगवर बसला होता. एकटाच.

"बाकीची कुठं हायेत?"

"निरोप गेलाय, बाई. अडतीस जनांस्नी."

"आलं किती?"

"तुमी."

"मग हितं काय अंडी उबवाय बसलायस?"

"चार मानसं असल्याबिगर गाडी काढायची न्हाई. नियम हाय."

"नियमाला म्हनावं मागनं चालत ये. गाडी काढ."

दोघंच गेले. घर म्हाताऱ्या सुनिल्दाचं. थंडीचे दिवस, तिनं रॉकेलच्या शेगडीशेजारी खुर्चीवर कपडे वाळत घातले आणि पाव आणायला गेली. ती परत आली तेव्हा पत्रे वाकायला लागले होते. पावाची पिशवी छातीशी धरून ती रस्त्यात उभी होती. एका बाईच्या हातानं पाइप कितीसा आवरणार? शेजारची भिंत वाचली. सुनिल्दाचं घर गेलं.

विझवून झाल्यावर कोपऱ्यावरचा पाववाला धावत आला. पीठ लागलेले हात तसेच. वीस वर्षं बंबावर गेलेला माणूस, पण आता नाव यादीत नाही, म्हणून निरोपही नाही.

"भोंगा वाजला असता तर मी आलो असतो की गं," तो म्हणाला.

एदुविनाच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथं.

गुरुवारी संध्याकाळी बैठक. सगळे बटणं लावून, कडक इस्त्रीत. प्रथेप्रमाणं आधी आगीत गेलेल्यांची नावं पुकारली. नाव पुकारलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, हजर.

"ओनोफ्रे कातालान."

"हजर," सगळे गरजले. एदुविनानं तोंड उघडलं नाही.

रेनातोनं कागद वाचला. "निरोप चार सेकंदांत सगळ्यांना पोचला. आपल्या पद्धतीत काही चूक नाही."

एदुविना उठली. "मेलेली मानसं हजर हायेत. जित्यांचं काय? मंगळवारी तू कुठं हुतास, कॅप्टन?"

"बँकेत. सगळेच कामावर होते, एदुविनाबाई."

"मंजी फोन बी कामावर हुते. आग हितं आन् घंटा सांतियागोत. कुना शान्याची ही अक्कल?"

मागं कुणीतरी हसलं. तिनं वळून पाहिलं, तसं ते हसू गिळलं गेलं.

"लोकांची झोप मोडते, बाई. दोनशे सह्या आहेत."

"सुनिल्दाला झोपायला खाट न्हाई ऱ्हायली. तिची सही घेतली का?"

रेनातोनं कागदाची घडी घातली. "भोंग्याला हात लावाल तर यादीतून नाव काढावं लागेल. मग बापाची तसबीर मधे आणू नका."

शुक्रवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना ती पूर्ण गणवेशात, टोप घालून बंबघरात शिरली. निबाल्दोनं तिच्याकडं पाहिलं आणि केरसुणी उचलली.

"चावी खिळ्यावर हाय. मी फुडचं अंगान झाडाय चाललो. मला काय दिसत न्हाई आन् कळत न्हाई."

भोंगा आधी खाकरला, मग चढत गेला. मिनिटभर तिनं चावीवरचा हात काढला नाही. बाहेर आली तर पाववाला उभा. गॅरेजवाला एरिबेर्तो, हात तेलकट. शाळेचा पहारेकरी. दोन पेन्शनर, एकाच्या पायात एकच बूट. आणखी दोघं कोपऱ्यावरनं पळत येत होते.

"कुठं लागलीया?"

"कुठंच न्हाई. बाराचा हाय."

शिवी कुणी दिली नाही. पाववाला पायरीवर बसून दम घेत राहिला.

इतक्यात तिच्या खिशातला फोन वाजला. पलीकडं रेनातो. वसाहतीतल्या कुणीतरी चुगली केली होती.

"एदुविनाबाई, तुम्ही भोंगा वाजवलात असं कळलं."

"कळलं व्हय. ऐकू आला का?"

"इथं बँकेत कसा ऐकू येईल?"

"हितं ज्यांस्नी ऐकू आला, ती आल्याती. सात जन. ती लिहून घे, आन् मग माझं नाव काट."

तिनं फोन बंद केला, भोंग्याची चावी खिळ्यावर न लावता गणवेशाच्या खिशात घातली, आणि घरी जाऊन अर्धी राहिलेली विजार मशिनीखाली ओढली.