हसत न्हाई गेला

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आमच्या शाळेच्या पटांगणात भाषणं होत, आणि वक्ता ‘हसत हसत फासावर चढला’ या वाक्याशी आला की पहिल्या रांगेतून आवाज यायचा, “न्हाई.” मोठा नव्हे, शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच. वक्ता थबकायचा, घसा खाकरून पुढे बोलू लागायचा. तो आवाज सोनाआक्काचा. फासावर गेलेल्या निवृत्तीची ही धाकटी बहीण, म्हणून दरवर्षी तिला शाल-नारळ मिळे. तिचं म्हणणं मात्र कोणी मनावर घेत नसे.

देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या गावात आक्का माझ्या दारासमोर राहायची. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, ठेंगणी, तोंडाने फटकळ. मी शाळेत शिकवते, म्हणून तिच्या लेखी मी ‘मास्तरीनबाई’. माझी भाजी चाखून म्हणायची, “पुस्तकं शिकवा तुमी. ह्याच्यात नका पडू.” आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच वाटीभर कालवण आणून ठेवायची. मिळालेल्या शाली ती वापरत नसे. गल्लीत कोणी बाळंत झालं की एक शाल तिकडे जायची. “मेलेल्याचं कवतिक सोपं असतंय बाई,” ती म्हणे, “जित्याला भाकर घालावी लागती.”

निवृत्तीची हकिगत गावाला तोंडपाठ होती. बेचाळीसच्या धामधुमीत, तिकडे महायुद्ध चालू असताना, लष्कराचं सामान नेणाऱ्या मालगाडीचे रूळ त्याने आणि सोबत्यांनी उखडले. गाडी उलटली, एक पोलीस मेला. सोबती निसटले, निवृत्ती सापडला. पुण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. तो एकोणीस वर्षांचा होता, सोना आठ.

एका वर्षी आक्काने माईकच मागितला. सगळ्यांना कौतुक वाटलं. ती म्हणाली, “माझा भाऊ भ्याला हुता. लई भ्याला हुता.” सरपंचांनी हळूच माईक काढून घेतला. “आक्कांना भरून आलंय, वय झालंय त्यांचं,” म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठून काही बोलले, ते टाळ्यांत कुणालाच ऐकू गेलं नाही. पुढल्या वर्षीपासून आक्काची खुर्ची माईकपासून लांब ठेवू लागले. मला भयंकर संताप यायचा. पण सरपंच वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत. त्याला खरंच वाटायचं की आपण म्हातारीची अब्रू राखली.

गेल्या साली चौकात निवृत्तीचा पुतळा बसला. छाती पुढे, ओठांवर हसू. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आक्का मला तिथे घेऊन गेली. मान वर करून तिने ते हसू निरखलं.

“आई आन् मी शेवटचं भेटाया गेल्तो,” ती म्हणाली. “त्यानं गजातनं आईचा पदर धरला. म्हनला, आई, मला घरी ने. पुन्यांदा तेच. शिपाई बोटं सोडवाया लागला तरी सोडंना. आई म्हनली, उद्या येते न्यायला.”

“मग?”

“मग काय? मला खरंच वाटलं. घरी आल्यावर मी त्याची घोंगडी झटकून उनात टाकली.”

चौथऱ्यावर सांडलेली फुलं तिने हाताने एका बाजूला सारली.

“एवढा भ्याला, तरी सोबत्यातल्या एकाचंबी नाव सांगितलं न्हाई त्यानं,” ती म्हणाली. “ह्ये लोकं माझा दादा न्हेत्यात आन् तिथं दुसराच आनून ठिवत्यात. तुमी तरी सांगा कुनाला.”

सांगेन म्हणाले. मुख्याध्यापकांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, पोरांसमोर असलं नको,” एवढंच म्हणाले.

पौषात आक्का झोपेतच गेली. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच उभे राहिले. “हसत हसत फासावर गेलेल्या वीराची ही भगिनी...”

“रडला होता तो!” मी बायकांतून मोठ्याने म्हणाले. “घरी ने म्हणत होता. भ्याला होता आणि तरी कुणाचं नाव सांगितलं नाही!”

सगळे वळून पाहू लागले. माझा आवाज फाटला होता, डोळे वाहत होते. शेजारच्या बाईने मला जवळ घेऊन खाली बसवलं. “लई जीव हुता बाईंचा आक्कावर,” ती इतरांना म्हणाली. कोणीतरी तांब्या पुढे केला.

मी पाणी प्यायले. सरपंच थांबले होते, त्यांनी भाषण पुढे सुरू केलं.