आधीच्या संपवून टाकू

"पंखा वारा देतोय की नुसतं दळण दळतोय, कोण जाणे," मंदावन्सं माझ्या कानाशी कुरकुरतात. यांची थोरली बहीण. सकाळी यांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकून आम्ही दोघी एकाच चटईवर आडव्या झालोय. ती कुरकूर ऐकता ऐकता माझे डोळे मिटतात.

हे ओट्याशी पाठमोरे उभे आहेत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. वर्ष झालं तरी पोशाखात सुधारणा नाही.

"जेवलात का?"

"खीर पातळ होती. तुला वाईट वाटेल म्हणून ताई बोलली नाही."

ओट्यापलीकडे आता डॉक्टर बसलेत. "कोलेस्टेरॉलची ही नवी गोळी. जुनं औषध हिच्यातच आहे, जोडीला आणखी एक. तेव्हा जुनी गोळी बंद. अंग फार दुखलं, लघवी गडद झाली, तर लगेच या."

तेव्हा डोलावली तशीच मी मान डोलावते. घरी डब्यात जुन्या गोळ्यांची तीन पाकिटं पडलेली. आम्ही साबणाची चकतीसुद्धा नव्या वडीला चिकटवून वापरणारी माणसं. म्हटलं, आधीच्या संपवून टाकू. सकाळी जुनी, रात्री नवी.

आम्ही यांच्या शाळेच्या जिन्यावर बसलोय. जिना खाली पाण्यात उतरतो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.

"मांड्या भरून आल्यात गं."

मी तिळाचं तेल चोळते. "ताईंबरोबर देवीचा डोंगर चढलात ना, म्हणून."

"लघवीचा रंग सांगितला होता तुला."

"मी पाणी प्या म्हटलं."

"प्यायलो की."

हे एक पायरी खाली सरकतात. माझे हात तेवढे लांब होतात.

"दवाखान्यात विचारलं, कुठली औषधं चालू आहेत," मी म्हणते. "मी नवंच पाकीट दाखवलं. अहो, तोवर मला कळलं होतं."

"मला कशाला सांगतेस? माझं झालं सगळं." हे पाण्याकडे बघतात. "ताईला सांग. ती वर्षभर तो डोंगर उतरलेली नाही."

पुढच्या पायरीवर नुसतं पाणी आहे.

जाग येते. पंखा तसाच. माझ्या दोन्ही तळव्यांना तिळाच्या तेलाचा वास येतोय, बोटं चिकट. घरात तिळाचं तेल कधीचं संपलंय.

वन्सं जाग्या आहेत, छताकडे बघताहेत. घरात त्या डोंगराचं नाव कुणी काढत नाही. त्यांच्यासाठी म्हणून, असं मीही म्हणत आलेय.

"वन्सं, डोंगरानं नाही गेले हे," मी म्हणते. "नव्या गोळीचाही दोष नव्हता. जुन्या वाया जातील म्हणून दोन्ही मी देत होते."