डोंगराचं माप

भावाला बाबांचा फोटो हवा आहे. वर्षश्राद्ध तोंडावर आलंय आणि भिंतीवर अजून तोच आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो लटकतोय. त्यात बाबा आत्ताच कुठून तरी पकडून आणल्यासारखे दिसतात. "घरात फोटोग्राफर असून बापाचा एक धड फोटो नाही!" तो पुण्याहून फोनवर म्हणाला. असा संताप आला म्हणता मला! पण बोलणार काय? खरंच नाही.

म्हणजे फोटो ढिगानं आहेत. मी काढलेल्या जवळपास प्रत्येक फोटोत बाबा आहेत. फक्त ते नखाएवढे आहेत.

मी यवतमाळला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. लग्न केलं नाही, आई लवकर गेली, भाऊ नोकरीनिमित्त पुण्याला. घरात आम्ही दोघंच. रविवारी सकाळी स्कूटी काढायची, गळ्यात कॅमेरा, मागे बाबा आणि त्यांच्या मांडीवर आडवा ट्रायपॉड. पहिल्यांदा ते आले ते मी एकटीनं रानात जाऊ नये म्हणून. पुढे पुढे मीच आळस करायची आणि ते डोक्याला दुपट्टा बांधून, चहा गाळून तयार. "उठतं का जाऊ मी एकटाच?" कॅमेरा कुठून सुरू होतो तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

वाइड लेन्सची एक खोड आहे. तिच्यात सगळं मावतं, पण जवळचं मोठं होतं आणि दूरचं बारीक. समोर छाती काढून उभा असलेला डोंगर फोटोत वारुळाएवढा दिसतो. त्याची उंची कळायला मध्ये माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस बाबा. "जा, माप व्हा," मी म्हणायची, की ते कपाशीच्या पऱ्हाट्यांतून वाट काढत, काटेकुटे चुकवत दूर जाऊन उभे राहायचे. पांढरा सदरा कुठूनही उठून दिसायचा.

ट्रायपॉड दिसला की आमच्या भागात लोकांना मोजणीच आली असं वाटतं. हातातलं काम टाकून माणसं शेताच्या धुऱ्यावरून यायची. "साहेब, रस्ता कुठून जाऊन राह्यला?"

"तुमच्या सयपाकघरातून," बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. समोरच्याचं तोंड उतरलं की मग हसायचे, त्याच्याकडूनच पाणी मागून प्यायचे आणि तिथंच गप्पांना बसायचे. इकडे माझा जीव खालीवर! "बाबा, ऊन चाललं!" मी ओरडायची. "जाऊ दे," ते तिकडून ओरडायचे. "उद्या येते ते."

जवळून मी त्यांना एकदाच टिपलं. बोरी अरब गावाजवळ नदीकाठी ते शेंगा सोलत बसले होते. लेन्स बदलायचा कंटाळा केला आणि हातभर अंतरावरून त्याच वाइड लेन्सनं फोटो काढला. आता या लेन्सनं कोणी चेहरा काढतं का? नाक पुढे आलं, कान मागे पळाले. बाबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हे नाक आहे का भरताचं वांगं?" आम्ही पोट धरून हसलो. मी फोटो तिथंच उडवून टाकला.

त्यानंतर ते कॅमेऱ्याजवळ आलेच नाहीत. "दुसरी लेन्स लावते ना बाबा, या," म्हटलं की ठरलेलं उत्तर. "मले कायले काढतं वं? मी घरीच असतो. डोंगर काढ, डोंगर."

आणि मलाही ते पटायचं. घरच्या माणसाचा फोटो कधीही काढता येतो.

गेल्या चैत्रात ते गेले. चहा ठेवता ठेवता. त्यानंतर वर्षभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

भावाचा फोन आला तेव्हा कॉम्प्युटर लावून बसले. एकेक फोटो मोठा करून पाहिला. दुपट्टा सापडतो, सदरा सापडतो, चेहऱ्याशी पोचावं तर नुसते चौकोन. एक मात्र कळत होतं. प्रत्येक फोटोत त्यांचं तोंड माझ्याकडे. त्यावरून आमची किती वादावादी व्हायची! मी घसा ताणून सांगायची, "बाबा, पाठ करा! डोंगराकडे पहा!" फोटोतल्या माणसानं देखावा पाहावा, म्हणजे पाहणाऱ्याची नजरही तिकडे जाते. तर हे "हो, हो" म्हणायचे, पाठ करायचे आणि नेमके बटण दाबताना वळायचे. चिडचिड व्हायची नुसती.

चेहरा सापडला नाही. रविवारी कॅमेरा घेऊन निघाले. काहून, ते मलाही सांगता येणार नाही. पांढरकवड्याच्या रस्त्यावरून एक फाटा आत जातो, तिथं एका टेकडीच्या पायथ्याशी पळस आहे. त्याच्याजवळच्या चपट्या दगडावर बाबा दरवर्षी उभे राहायचे. मागची सीट रिकामी असली की स्कूटीही वेगळी चालते. ट्रायपॉड दोरीनं बांधला होता आणि तो सारखा खडखडत होता.

पळस फुलला होता. मोहफुलं वेचणारी एक म्हातारी टोपली घेऊन जवळ आली. "सर्वे हाय का?"

"नाही मावशी, फोटो."

"एकलीच? मागं बुढेबाबा राहत होते ना संगं."

"ते गेले."

"अरे माय वं," ती म्हणाली. मग आपल्या मोहाच्या झाडाखाली परत गेली.

कॅमेऱ्यातून पाहिलं. पळस होता, दगड होता, डोंगर वारुळाएवढा झाला होता. माप नव्हतं. मग टायमर लावला आणि धावत सुटले. या वयात ढेकळांतून धावणं म्हणजे! पहिल्यांदा निम्म्यातच कॅमेऱ्यानं खटका दिला. पुन्हा मागे आले, पुन्हा लावला, पुन्हा धावले. पोचले, धापा टाकत दगडावर चढले आणि वळले.

इथं मी कधी उभीच राहिले नव्हते. मला वाटायचं, बाबांना किती छान दिसत असेल. डोंगर तर पाठीशी होता. समोर वाळक्या पऱ्हाट्यांचा उतार, आणि त्याच्या टोकाला तीन पायांवर कॅमेरा. इतकी वर्षं त्यांना इथून पाहण्यासारखं एकच होतं. कॅमेऱ्यामागे वाकलेली मी. आज तिथं कोणी नव्हतं.

दगडावर बसून मी मोठमोठ्यानं रडले.

संध्याकाळी जुन्यांपैकी एक फोटो भावाला पाठवला. त्याच दगडाचा, नखाएवढ्या बाबांचा. म्हटलं, याचाच मोठा करून लाव. त्याचा लगेच फोन आला. "यात चेहरा कुठं दिसून राह्यला?"

"नाही दिसत," मी म्हटलं. "पण ते पाहून राह्यले."

"कोणाकडे?" त्यानं विचारलं.