क्रीम रंगावरच्या ज्वाळा

पिवळा रंग क्रीम रंगावर दिसत नाही. ऐकायला किती सोपं वाटतं, पण एवढं कळण्यासाठी मी दाजींच्या ट्रकचं एक अख्खं दार बिघडवलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायचे पारोळ्याला. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, त्यातला एक ट्रक त्यांनी एकट्याच्या हिमतीवर घेतला. धुळ्याला नेऊन त्याचा हिरवा रंग घालवला आणि क्रीम रंग देऊन आणला. उन्हाळ्यात यावलकडची केळी धुळ्याला न्यायची आणि दिवाळीनंतर जो माल मिळेल तो, असा त्यांचा बेत. मी तेव्हा जळगावात एका फोटो स्टुडिओत होतो. लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण पुसायचे, नवरीच्या गालांवर गुलाबी छटा द्यायची, कुणाच्या आजोबांच्या मागे ढग काढायचे, ही माझी कामं. त्यासाठी स्टुडिओत हवेवर चालणारं, बोटांत धरायचं बोरूएवढं फवाऱ्याचं यंत्र होतं. आम्ही त्याला पेन म्हणायचो. त्या पेनाच्या जोरावर मी स्वतःला फार मोठा कलावंत समजत होतो.

ज्वाळांची कल्पना दाजींची नव्हती, माझी होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे ते सगळ्यांना ती स्वतःचीच हौस म्हणून सांगत राहिले, मला झाकायला. एका विलायती मासिकात मी मोटारीचं चित्र पाहिलं होतं. बॉनेटपासून दारांपर्यंत आगीच्या जिभा मागे पळताहेत. मी दाजींना म्हणालो, तुमची गाडी अशी करून देतो, अख्ख्या खानदेशात दुसरी नसेल. ते हसून अक्काला म्हणाले, "करू दे त्याले. शालकनी हौस पुरी होऊ दे."

स्टुडिओच्या मालकाकडून पेन मागून आणलं. ट्रकची एक ट्यूब पायपंपाने फुगवून तिची नळी पेनाला जोडली. उन्हाळ्याचा वारा रंग उडवून न्यायचा म्हणून दोन्ही बाजूंना ओली गोणपाटं टांगली. आणि मोठ्या ऐटीत पिवळा फवारला. लांबून पाहिलं तर दारावर कुणाच्या हातून हळद सांडल्यासारखं दिसत होतं. वरून तांबडा दिला तर आणखीच घाण झाली. दाजींनी नुसतं "अं" केलं आणि विडी पेटवली.

त्या संध्याकाळी अक्का चुलीत पऱ्हाट्या सारत होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ कसा असतो ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, भसकन उठतो आणि बसतो. बघता बघता माझ्या ध्यानात आलं की जाळाचा पोटातला भाग जवळजवळ बिनरंगाचाच असतो. दिसते ती त्याची कड, आणि त्याच्या मागचा काळोख. म्हणजे क्रीम गाडीवर जाळ काढायचाच नाही, त्याच्या भोवतीचा अंधार काढायचा. दुसऱ्या दिवशी दार पुसून मी आधी तपकिरी धूर फवारला. मग पुठ्ठ्याची वळणदार कड पत्र्याला टेकवून तिच्या बाहेरून तांबडा, पुठ्ठा जरासा सरकवून नारिंगी, आणि अगदी शेवटी नावापुरता पिवळा. आत गाडीचा मूळ क्रीम रंग तसाच सोडला, तोच पेटल्यासारखा दिसू लागला. लोक जवळ येऊन पत्र्याला हात लावायचे आणि हसायचे. दाजी बाजारातून उगीच दोन चकरा जास्त मारायचे. मी तर हवेतच होतो.

केळी नेताना कुणाची काही हरकत नव्हती. पण दिवाळीनंतर कापूस सुरू झाला. ट्रकवाल्यांचं वर्ष त्या दोन-तीन महिन्यांवरच निघतं. दाजी धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गाडी घेऊन गेले. जिनात शिरताना फाटकावर काडीपेट्या आणि विड्या काढून ठेवाव्या लागतात. आत 'आग' हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाही. मुकादमाने गाडीकडे पाहिलं, फाटक लावलं आणि म्हणाला, "हाई गाडी मझार आनू नको."

दाजींनी समजावून पाहिलं, हा नुसता रंग आहे. एक म्हातारा हमाल बाहेर आला आणि म्हणाला, "इस्तो लईसन कापूसमा कोन जाई? आम्ही नही भरसूत." विस्तव घेऊन कापसात कोण शिरेल! दाजींनी गाडी वळवली. दुसऱ्या जिनातही तेच झालं. आम्ही दोघंही कपाशीच्या मुलखात वाढलेली माणसं, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी फक्त माझ्या ज्वाळा पाहत होतो आणि दाजी माझ्याकडे पाहत होते.

भर हंगामात ट्रक दारापुढे उभा राहिला. शेजारून कापसाच्या गाड्या जायच्या, तेव्हा अक्का पाण्याची घागर घेऊन आत निघून जायची. मला निरोप आला नाही. मला कळलं ते एका ड्रायव्हरकडून. मी त्याच दिवशी पारोळ्याला गेलो आणि म्हणालो, मी पुसून देतो. दाजी म्हणाले, "राहू दे रे. इतली मेहनत लिधी तू." अक्काने माझ्यापुढे भाकरीचं ताट ठेवलं. "तुनी काय चूक शे भाऊ?" असं ती म्हणाली, आणि तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

खरं म्हणजे रंग घासून पत्र्यापर्यंत न्यायला हवा होता. मला ते माहीत होतं. पॉलिशपेपर ओला करून मी दाराशी उकिडवा बसलो, दोन-चार हात मारले, आणि पुढे हात चालेना. आपल्या पोराला मारावं तसं वाटत होतं. मग वरवरची चमक तेवढी घालवली आणि क्रीम रंगाचे दोन हात फवारले. गाडी स्वच्छ दिसू लागली. जिनाने ती आत घेतली. दाजींच्या दोन खेपा झाल्या, आणि मी जळगावात पुन्हा शीळ घालत ढग काढू लागलो.

तांबडा रंग दडून राहत नाही. वरच्या फिक्या रंगातून तो झिरपत वर येतो. आधी दारावर गुलाबी झाक आली, ती दाजींना धूळ वाटली. मग एक दिवस भरलेली गाडी जिनाच्या आवारात उन्हात उभी असताना त्याच जिभा, त्याच जागी, फिकट होऊन बाहेर आल्या. कापसाच्या गंजीत ठिणगी दबली तर ती दिवसेंदिवस आतल्या आत धुमसते आणि वर येते तेव्हा उशीर झालेला असतो. त्या जिनात पूर्वी असाच एक हमाल जळून गेला होता. त्याचे सोबती त्या दाराकडे पाहत उभे राहिले. त्यांनी गपचूप सगळा कापूस उतरवला. एवढंच कुणीतरी म्हणालं, "मझारथीन निंघनी." आतून निघाली. ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्या जिनांमध्ये पोचली, आणि मग गाडीला कुठलाही रंग देऊन उपयोग नव्हता.

हंगाम संपायच्या आत दाजींनी ट्रक विकला आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राहिले. घेणारा पिंपळनेरकडचा लाकडाचा ठेकेदार होता. त्याला त्या पुसट ज्वाळा आवडल्या. दाजींनी त्याला छाती काढून सांगितलं की हे माझ्या शालकाचं काम आहे, तो पुन्हा नवं करून देईल.

मी नाही म्हणू शकलो नाही. म्हणावंसंही वाटलं नाही, हे खरं. त्यांच्याच अंगणात, त्याच ट्रकवर, मी या वेळी सगळं पत्र्यापर्यंत घासलं, आणि आता हात कुठे अडला नाही. नवा क्रीम रंग दिला. मग धूर, मग कडा. पहिल्या वेळी न जमलेली एक गोष्ट जमली, ज्वाळेचं टोक हवेत विरून जातं तसं पेन हळूच मागे ओढायचं. मी गुणगुणत होतो. काम उतरल्यावर अक्का बाहेर आली आणि म्हणाली, "पहिलापेक्षा चांगलं जमनं."

मला आनंद झाला. मी पेन धुवायला वळलो तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. दिवसभर ट्यूबमधली हवा कमी झाली की मी मागे न बघता "हवा" म्हणत होतो, आणि ती येत होती. पायपंपाशी दाजी उभे होते, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, एक पाय अजून पंपावरच.